गजऱ्यावर उखाणा फुकट

एक गोष्ट आधीच सांगून टाकते, मी रागीट आहे. मुलींच्या शाळेत सारा जन्म इंग्रजी शिकवलं, त्यामुळे मला दोन भाषांत रागावता येतं, असं आमचे कमलाकांत म्हणतात. ते वकील. त्यांना एकाही भाषेत रागावता येत नाही, म्हणून घर टिकलं. पण ही हकिगत माझी नाही, बेबीताईची आहे. सांगणार मात्र मीच, कारण तिला स्वतःबद्दल काही विचारलं की ती मान खाली घालून फुलं निवडायला लागते.

बेबीताईचं फुलांचं दुकान अंबादेवीच्या वाटेवर, कडुनिंबाखाली. पाटी नाही, नाव नाही. अमरावतीत कोणालाही 'उखाणेवाली' विचारा, बोट तिकडेच जाईल. नवरा शेषराव गावाबाहेर शेवंती आणि झेंडू लावतो, पहाटे टोपल्या आणून टाकतो आणि एक शब्द न बोलता परत जातो. घरातलं सगळं बोलणं बेबीताईच्या वाट्याला आलं आहे आणि ती ते मन लावून करते.

तिची रीत अशी. लग्न ठरलेली मुलगी वेणी सांगायला आली की बेबीताई दोरा दातात धरून विचारते, "नाव काय त्याचं? खातो काय आवडीनं? अन् दारात अडवाले कोण उभं राह्यते, सासू का नणंद?" एवढं कळलं की ती गाठी मारायला लागते. वेणी संपते तेव्हा उखाणाही तयार असतो. मग तो मुलीकडून म्हणवून घेते, अडखळली तर पुन्हा. उखाण्यात एक तरी फूल असतंच. "फुलवालीचा उखाणा अन् त्यात फूल नाई? मंग लोक म्हणतीन किराणा दुकानातून आणला," असं तिचं म्हणणं. वेणीवर उखाणा फुकट, गजऱ्यावरही फुकट, आणि नुसती रडत आली तर काहीच न घेताही.

आणि एक नियम. एकीला दिला तो दुसरीला नाही.

हा नियम कसा पडला ते ऐका. फार पूर्वी तिनं एकच उखाणा दोन पोरींना दिला होता. वेगवेगळ्या गावच्या, वेगवेगळ्या दिवशी आलेल्या, तिला काय स्वप्न पडलं होतं! त्या दोघी नांदगाव खंडेश्वरला एकाच घरात जाऊन पडल्या, सख्ख्या जावा. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला मोठीनं नाव घेतलं, बायकांनी वाहवा केली. मग धाकटी उभी राहिली आणि तिनंही तेच! फक्त नवरा बदलला. "माझा चोरला", "नाही, तूच चोरलास", असं करत दोघींनी वर्षभर अबोला धरला. शेवटी बेबीताईशी भांडायला म्हणून दोघी एकाच बसनं अमरावतीला आल्या. तिच्याशी भांडता भांडता एकमेकींची बाजू घ्यायला लागल्या आणि जाताना गळ्यात गळे घालून गेल्या. बेबीताईनं मात्र कानाला खडा लावला.

दिलेले उखाणे ती पुन्हा तोंडी आणत नाही. एकाचाच तेवढा अपवाद, पहिल्याचा. दर उन्हाळ्यात मोगरा आला की ती तो मला ऐकवते. मी म्हणते, "अगं, मागच्या वर्षी सांगितलास." ती म्हणते, "मंग यंदा बी ऐका."

"तवा मी परकरातली, बाई. माय देवळात हार द्याले गेलती, दुकानावर मी एकटी. बायका एका नवरीले देवीच्या पाया पडाले घेऊन आल्या. बायका चपला ठेवत मागं राह्यल्या, अन् थे पोट्टी माह्यापाशी येऊन उभी. डोळे हे भरलेले! म्हटलं, काहून रडून राहिली वो? तं म्हणे, आज लगन हाये, सासरी दारात अडवतीन अन् मले नाव घेता येत नाई. म्हटलं, त्यात काय! नाव सांग त्याचं. तं सांगेच ना! लाजून लाल झाली. मले परकीले नवऱ्याचं नाव कसं सांगा, म्हणे. मंग मी काय करू? मी मंधात जागा सोडली."

आणि मग ती हात थांबवून म्हणते:

"मोगऱ्याची वेणी सुकते, सुकत नाई वास,
…रावांच्या ताटात माझा अर्धा घास."

"थे म्हणून पाहे अन् जागा आली का गप्प होये. ओठ तेवढे हालत. मंग बायका आल्या अन् घेऊन गेल्या तिले. कुठची होती, कुठं पडली, देव जाणे. बाई, थ्या जागी कोणाचं नाव बसलं असन हो?"

"कोणाचं का बसेना! तुला काय करायचंय?" असं मी दरवर्षी खेकसते. ती दरवर्षी हसते. पण खरं सांगते, तिचं ते विचारणं थट्टेचं नव्हतं. उखाणा चालला की नाही, ती पोरगी दारातून आत गेली की नाही, हे तिला आयुष्यभर जाणून घ्यायचं होतं.

आता सोहमचं सांगते. बेबीताईच्या तरुणपणी नवरे कसे, पुरुषोत्तम, दिनकर, मनोहर. हरेक नाव वेगळं, हरेकाचं यमक वेगळं. गेल्या काही वर्षांत लग्नाला आलेली पोरं बघावीत तर सगळी सोहम. आमच्या गल्लीत ती हाक मारा, तीन गॅलऱ्यांतून ओ येते. बेबीताईनं आधी मराठीतले शब्द वापरले, संगम, उत्तम, अनुपम. मग आमच्या वऱ्हाडात हिंदी-उर्दू काही परकी नाही, तेव्हा रेशम, सरगम, शबनम, हमदम, सगळे वाटून झाले. सोहमच्या नवऱ्या येतच राहिल्या. नियम म्हणजे नियम, एकीचं यमकसुद्धा दुसरीला नाही.

आणि मग तिच्याच मुलीचं लग्न ठरलं. रागिणीचं. मुलगा अकोल्याचा, शहराबाहेर त्यांचा भाजीपाला आहे, त्याची स्वतःची रोपवाटिका आहे. देखणा, कामसू, हसरा. नाव सोहम.

कळलं तेव्हा मी एवढी हसले की चहा नाकात गेला. बेबीताई हसली नाही.

कारण सोहमच्या आईची, गोदाबाईंची, एक अट होती. देणंघेणं काही नको, मानपान नको. पण सून दारात उभी राहील तेव्हा तिनं चांगलं नाव घ्यावं, पाठ केलेलं दुसऱ्याचं नको, मोबाइलमधलं तर नकोच. गोदाबाई या बाबतीत भारी कडक. मोठ्या सुनेनं फोनमधला उखाणा म्हटला, तर तिला दारातच ताटकळत ठेवून दुसरा म्हणायला लावला होता. हे रागिणीला तिच्या भावी जावेनंच हसत हसत सांगितलं. बेबीताईला ते हसण्यासारखं वाटलं नाही.

रागिणी औषधाच्या दुकानात काम करते, बापासारखी अबोल. ती आईला म्हणाली, "माय, मी त्याले दिवसभर सोहम सोहमच म्हणते. त्यात काय घ्याचं नाव?"

"हाक मारणं निराळं अन् नाव घेणं निराळं," बेबीताई म्हणाली. "हाक कोणीबी मारते."

तर एका दुपारी, कूलरपुढे माझा डोळा लागत होता, तेवढ्यात ही दारात. "बाई, तुमच्या इंग्रजीत 'अम'वाले शब्द असतीन ना? सोहमसारखे? मले द्या." जणू मी ते डब्यात भरून ठेवले होते.

मी आधी चिडले, मग शब्दकोश काढला. कमलाकांतांच्या वडिलांचा, जाडजूड, वाळवीतून वाचलेला. आता शब्दकोशाची गंमत अशी की शब्द डोक्याकडून सापडतो, शेपटाकडून नाही. शेवटी 'अम' असलेले हवे तर पान न् पान चाळा. सगळा उन्हाळा मी तेच केलं. भिंग घेऊन पहिल्या पानापासून बसले. कमलाकांत म्हणाले, "अहो, परीक्षा आहे का?" म्हटलं, "आहे. तुमची नाही, तुम्ही झोपा."

सापडले बरं का! बहुतेक जुने, कधीच पेन्शनीत निघालेले शब्द. सगळ्यांच्या शेवटी तीच दोन अक्षरं, ओ आणि एम. त्यातला ओ कोणी धड उच्चारत नाही, नुसतं 'अम' म्हणून मोकळे होतात. इतकी वर्षं इंग्रजी शिकवलं, पण यातले कितीतरी मीही पहिल्यांदाच पाहत होते. खूप दिवसांनी मला शिकल्यासारखं वाटलं, आणि फार बरं वाटलं.

रोज तिसऱ्या प्रहरी मी दुकानावर जायची आणि बेबीताईला शब्द सांगायची. ती आधी तोंडात घोळवून पाहायची, मग अर्थ विचारायची.

"व्हायलम," मी म्हटलं. "म्हणजे कधीकाळी. पूर्वी होता, आता नाही."

"अव माय! थे सोहमच्या शेजारी नका बसवू. लगनाच्या दिवशी असं बोलतेत का?"

"व्हेनम. विष."

"ठेवून द्या. एखाद्या सासूले लागन."

"रॅन्सम. खंडणी."

"हुंड्यावाल्याले देऊ थो."

"बक्सम," मी जरा घुटमळले. "म्हणजे अंगानं भरलेली, हसरी बाई."

"म्हंजे मी!" असं म्हणून ती एवढी खूश झाली की शेजारच्या हारवालीला ओरडून सांगितलं, "मले इंग्रजीत शब्द हाये वो!"

लिसम म्हणजे वेतासारखी लवचीक, हा तिला रागिणीसाठी आवडला. हॅन्सम म्हणजे जुन्या काळची दोन चाकांची घोडागाडी, बीझम म्हणजे झाडू. ट्रान्सम म्हणजे दाराच्या चौकटीवरची आडवी पट्टी. "तोरण बांधतो थे?" तिनं विचारलं. तेच. फॅदम मात्र तिनं परत केला. मी सांगितलं होतं, समुद्राची खोली मोजायचं माप. "समुद्र कोणं पाह्यला इथं? अकोल्याच्या उन्हात उभं राहून समुद्र म्हटला तं लोक हसतीन."

शब्द मिळाले, उखाणे झाले आणि खरोखर झकास झाले. पण ते रागिणीला लाभायला हवेत ना! एक दिवस देवश्री आली, कमलाकांतांच्या वकील मित्राची मुलगी. साखरपुड्यात तिनं जो उखाणा म्हटला, तो आत्येसासूच्या मोबाइलवर आदल्याच दिवशी येऊन गेला होता. सगळ्यांसमोर हसं झालं. पोरगी दुकानावर उभी राहून हमसाहमशी रडत होती. नवऱ्याचं नाव? सोहम, दुसरं काय! बेबीताईनं घोडागाडीवाला देऊन टाकला:

"शेवंतीची वेणी माळली, यायची होती हॅन्सम,
स्कूटीवरच बसवून नेतो, घाईत असतो सोहम."

देवश्री हसत गेली. मी मात्र भडकले. "अगं, रागिणीसाठी केला होतास ना?"

"रडून राहिली होती थे, बाई."

"मग रागिणीला काय देशील?"

"अजून झाडूवाला हाये ना."

झाडूवाला दसऱ्याला गेला, एका नर्सबाईला:

"पारिजात वेचून झाला, मग फिरवते बीझम,
सकाळचा चहा कोण करतं, विचारा, सांगेल सोहम."

लिसम दिवाळीनंतर गेला. ट्रान्सम तुळशीच्या लग्नानंतर, चांदूर बाजारच्या एका भेदरलेल्या पोरीला. दर वेळी मी कपाळावर हात मारायची आणि दर वेळी ती तेच म्हणायची, "रडून राहिली होती थे." रागिणी रडत नव्हती, हाच तिचा गुन्हा.

मार्गशीर्षात लग्न आलं. आदल्या दिवशी सकाळी मी दुकानावर गेले, तर बेबीताई अकोल्याच्या दारासाठी तोरणाचा झेंडू निवडत बसली होती. आणि निवडता निवडता रडत होती. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं.

"काईच नाई, बाई," ती म्हणाली. "सारी रात्र पाहून राहिली. पोरीचं तोंड डोळ्यापुढं आलं का शब्दच येत नाई. लोकाच्या पोरी साऱ्या आत घातल्या म्या. अन् माही पोरगी दारात मुकी उभी राहीन, थ्या गोदाबाईपुढं. लोक म्हणतीन, उखाणेवालीची पोरगी हे."

"जुना एखादा दे ना! कोणाला कळतंय?"

तिनं माझ्याकडे असं पाहिलं की मी तो विषय सोडला. मी सरळ घरी गेले आणि शब्दकोश पुन्हा उघडला, म्हटलं एखादा सुटला असेल. सुटला नव्हता. लग्नात चालेल असा एकच उरलेला होता, तिनं परत केलेला फॅदम. रागारागानं मी त्याचाच सगळा परिच्छेद वाचून काढला, जो आधी वाचलाच नव्हता. समुद्र त्यात नंतर आला होता. सगळ्यात जुना अर्थ भलताच साधा होता. दोन्ही हात पसरले की जेवढं अंतर भरतं, तेवढं.

चप्पल उलटसुलट घालून मी दुकानावर पळाले. बेबीताई तेव्हा उभी होती, तोरणाचा दोर एका हाताच्या बोटांपासून दुसऱ्या हाताच्या बोटांपर्यंत ताणून. फुलवाल्या लांब तोरण असंच मोजतात, वावेनं.

"बेबी, तेच!" मी ओरडले. "तू आत्ता करते आहेस ना, तोच फॅदम!"

"म्हंजे वाव!" ती म्हणाली. "मंग तसं सांगा ना वो पह्यलेच! समुद्रात काहून नेलं मले?"

पण उखाणा काही आला नाही. तिनं दोनदा ओठ हलवले आणि मान हलवली. रागिणी मागे बाकड्यावर बसली होती, मेंदीचे हात वर धरून. तिनं आमच्याकडे पाहिलं, तोरणाकडे पाहिलं, बोलली काही नाही. त्या मुलीच्या मनात काय चालतं ते तिच्या बापाला तेवढं कळत असेल.

लग्न छान झालं. दुपारनंतर वऱ्हाड अकोल्याला निघालं. नवरीची आई काही पोरीच्या मागे सासरी जात नाही, पाठराखीण जाते. आणि रागिणीची पाठराखीण म्हणून बेबीताईनं मला धाडलं. गाडीचं दार लावताना ती माझ्या कानाशी आली. "अडली तं सांगजा तिले काईतरी. पण माह्या जुन्यातलं नाई बरं!" नियम तिथेही होता.

बडनेरा गेलं, मूर्तिजापूर गेलं. मी शेजारी बसून 'अम' 'अम' करत होते. एक उखाणा जमेल तर शपथ! शब्द शोधणं वेगळं आणि उखाणा करणं वेगळं, हे मला बोरगाव मंजूपर्यंत पुरतं कळलं होतं. रागिणी खिडकीबाहेर पाहत होती.

दिवेलागणीला अकोल्यात पोचलो. दारावर आम्हीच पाठवलेलं तोरण बांधलेलं. उंबऱ्यावर तांदळाचं माप. आणि दारात गोदाबाई, उंच, सडपातळ, कपाळाला रुपयाएवढं कुंकू, दोन्ही हात चौकटीला. मागे मोठी सून, आत्या, माम्या, शेजारणी, सगळं दार भरलेलं.

"नाव घे, मंग ये," गोदाबाई म्हणाल्या.

रागिणी गप्प. सोहम तिच्याकडे पाहून हसला, तरी गप्प. एक शेजारीण कुजबुजली, "उखाणेवालीची पोरगी ना ही?" मी पुढे वाकले, काय सांगणार होते देव जाणे, बहुतेक 'व्हायलम'. तेवढ्यात रागिणीनं मान वर केली, तोरणाकडे. आणि म्हणाली:

"झेंडूचं तोरण मायनं मोजलं, हात पसरून एक फॅदम,
तेवढीच जागा मले घरात द्या, नाव घेते, सोहम."

मोठी सून म्हणाली, "फॅदम म्हंजे काय वो?" रागिणीनं भरल्या हिरव्या चुड्याचे दोन्ही हात पसरून दाखवले. त्यात एका बाजूला सोहम आला, दुसऱ्या बाजूला मी आले.

गोदाबाईंनी चौकटीवरचे हात काढले. "तेवढीच काहून?" त्या म्हणाल्या. "सारं घर घे."

मला रडू कोसळलं. लपवलंही नाही. माप ओलांडलं, टाळ्या झाल्या, पेढे झाले. आणि मग बायकांच्या रीतीप्रमाणे गलका उठला, "आता सासूबाईंचं! गोदाबाई, घ्या!"

"मले एकच येते," गोदाबाई म्हणाल्या. "तुमाले बी पाठ झाला असन." बायका हसल्या. मोठी सून माझ्या कानात म्हणाली, दर संक्रांतीला हाच असतो, आम्ही सगळ्या बरोबरीनं म्हणतो. गोदाबाईंनी पदर सावरला. खुर्चीत त्यांचे मालक बसले होते, पांढऱ्या मिशांचे, ते उगाच घड्याळ बघायला लागले.

"मोगऱ्याची वेणी सुकते, सुकत नाई वास," गोदाबाई म्हणाल्या, "खुशालरावांच्या ताटात…"

"माझा अर्धा घास!" सगळ्या बायका एका सुरात.

माझ्या हातातला पेढा खाली पडला. रागिणीनं चपापून माझ्याकडे पाहिलं. आईचा हा उखाणा तिनंही दर उन्हाळ्यात ऐकलेला. पाठराखणीनं तोंड मिटून बसायचं असतं. मी कसली बसते!

"तुम्हाला कोणी शिकवला हा?" मी विचारलं. बहुतेक ओरडलेच.

"शिकवते कोण!" गोदाबाई म्हणाल्या. "माहं लगन मामाच्या घरून झालं, अमरावतीले. अंबादेवीपाशी एक फुलवाली पोट्टी बसली होती, परकरातली. तिनं दिला. मले वाटे मस्करीच करून राहिली. पण इथं येऊन म्हटला, तं सासूनं हात धरून आत नेलं. मंग दुसरा कायले शिकू?" त्या जरा थांबल्या. "तिचं नाव मी विचारलं नाई, अन् थ्या वाटेवर फुलवाल्या काय एक हाये! तिनं यांचं विचारलं होतं, पण सांगाची लाज वाटली मले."

"ती तुमची विहीण आहे, गोदाबाई!" मी म्हटलं.

त्या कडक बाई उंबऱ्यावरच बसल्या, सांडलेल्या तांदळात. रागिणी त्यांच्या शेजारी जाऊन बसली. गोदाबाईंनी तिचा मेंदीचा हात स्वतःच्या हातात घेतला आणि हसायला लागल्या. "मंग मी तुह्या मायच्या जिवावर इतकी वर्षं या घरात हावो की!" त्यांना तिथल्या तिथे फोन लावायचा होता. मी लावू दिला नाही. म्हटलं, ही बातमी माझी आहे, मी स्वतः नेणार, आणि जर कोणी फोन केला तर मी परत कधी अकोल्यात पाऊल टाकणार नाही. मी रागीट आहे हे त्यांना तेव्हाच कळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या गाडीनं मी अमरावतीला. घरी न जाता थेट कडुनिंबाखाली. बेबीताई वेणी करत होती. पण गाठी सैल पडत होत्या. मला पाहिल्याबरोबर तिनं दोरा दातातून सोडला.

"घेतलं का वो तिनं नाव?"

मी रागिणीचा उखाणा जसाच्या तसा म्हटला. ती ऐकत राहिली. मग म्हणाली, "पुन्हा म्हणा." मी पुन्हा म्हटला. "कोणं केला?" "तिनंच. दारात उभी राहून." बेबीताईनं पदर डोळ्यांना लावला. "पाह्यलं!" ती म्हणाली. "अन् मी रात्रभर जागून राहिली. पोट्टी बोलत नाई, पण ऐकते सारं."

"अजून एक आहे," मी म्हटलं. "तुझ्या विहिणीनंही घेतलं."

"कोणतं?"

मी पहिली ओळ म्हटली, मोगऱ्याची. वेणी तिच्या मांडीवर पडली. मी दुसरी ओळ म्हणणार, तर तिनं हात वर केला.

"थांबा. तुमी नका म्हणू. नाव तेवढं सांगा."

"खुशालराव," मी म्हटलं.

ती ओठ हलवत होती. आवाज न करता एकदा, मग पुन्हा एकदा. मग तिनं तो सबंध उखाणा मोठ्यानं म्हटला, पहिल्यांदाच, कुठेही न थांबता.

"खुशालरावांच्या ताटात माझा अर्धा घास." ती हसली, आणि डोळे वाहत होते ते तिनं पुसले नाहीत. "बसलं, बाई," ती म्हणाली. "जागा बरोबर सोडली होती म्या."